पाळी आली की फोन

सोमवार, ३ मार्च

आज तीन झाल्या. पहिली शाळेत गणित शिकवते. दुसरीला दोन वर्षांची मुलगी आहे. तिसरी आठवत नाही. म्हणजे फाइल आठवते, पिवळी होती. चेहरा नाही.

माझं भाषण आता एकोणीस मिनिटांवर आलंय. सुरुवातीला पस्तीस लागायची, मधे मधे माझाच आवाज भरून यायचा. आता सगळं रुळावरून जातं. "गाठ मारणाऱ्या औषधांना गाठ कुठली आणि बीज कुठलं हे कळत नाही. म्हणून केमोच्या आधी थोडी बीजं काढून गोठवून ठेवायची. बरं झालं, की मग बघता येतं." 'मग बघता येतं' म्हणताना मी डावा हात उघडते. कधीपासून, देव जाणे! आज माझं लक्ष त्या हाताकडे गेलं आणि पुढचं वाक्यच हरवलं. गणितवाल्या बाईंनी हळूच आठवण करून दिली, "दहाबारा दिवस इंजेक्शनं, असं म्हणत होतात."

तिच्या सासऱ्यांनी विचारलं, "आणि लाइट गेली तर?" हे कुणी ना कुणी विचारतंच. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे घरचा फ्रीज असतो, भाजीच्या कप्प्याच्या वर. म्हटलं, विजेवर नसतं ते, थंड वायूच्या टाकीत असतं. लाइट गेली तरी जागच्या जागी. पूर्वी या प्रश्नाला मनातल्या मनात तरी हसायचे.

निघताना तीच विचारणा, "मॅडम, तुम्हाला किती?" "दोन," म्हटलं. मला एकही नाही. पण नाही म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढून माझंच समुपदेशन सुरू करतात. दोन म्हटलं की विषय मिटतो. ताईचं म्हणणं, "निदान मुलगे की मुली ते तरी ठरवून ठेव. कुणी खोलात गेलं तर पंचाईत." आम्ही दोघी बहिणी एका घरात, दोघींचं मिळून एक लग्न नाही, आणि ही माझी मुलं ठरवतेय!

मंगळवार, ४ मार्च

एवढ्या उकाड्यात मफलर. तेवीस वर्षांची. मानेवर गाठ आहे, आणि छातीत आणखी एक मोठी. आईवडिलांच्या मधे बसवली होती, मधल्या खुर्चीवर. माझी खोली म्हणजे पूर्वीची चादरींची कोठी. खिडकी नाही, चार खुर्च्या कशाबशा मावतात. कुणी उठलं की सगळ्यांना पाय आवरावे लागतात.

मोठ्या डॉक्टरांनी (कॅन्सरच्या) पहिलं केमो २४ तारखेला ठेवलंय. म्हणजे वीस दिवस. बीजं काढायला बारा पुरतात. जमण्यासारखं आहे.

आई रडत होती, वडील बोलत होते. "करायचं मॅडम. जे असेल ते करायचं. उद्या असं नको व्हायला, की केलं असतं तर बरं झालं असतं." आई म्हणाली, "पुढे लग्न आहे हो हिचं. मूल होणार नाही म्हटल्यावर दारात कोण उभं राहील?" मी मान हलवत होते. मफलर माझ्या तोंडाकडे बघत होती. वाटलं, ऐकतेय. मग म्हणाली, "दांडी सैल झालीय तुमची." चष्म्याची! हात पुढे केला. चष्म्याच्या दुकानात काम करते, किल्ल्यांच्या जुडग्यातच स्क्रू पिळायचा बोटाएवढा पेचकस. मी चष्मा दिला आणि उरलेलं भाषण चष्म्याविना केलं. समोर तीन धूसर डाग. खरं सांगायचं तर बरं वाटलं. चेहरे दिसले नाहीत की भाषण सुरळीत होतं.

ती सबंध वेळात दोनच वाक्यं बोलली. एक ते, आणि दुसरं "आता नाही पडायचा."

फॉर्मवर शेवटची ओळ असते — 'रुग्णाशी एकटीशी दहा मिनिटे बोलले : हो / नाही.' नियमच आहे तसा. घरच्यांना बाहेर बसवायचं, दार लावायचं, आणि तिला विचारायचं. बाहेर सातजणी ताटकळलेल्या. 'हो'वर खूण केली. चार वर्षं मी 'हो'वरच खूण करतेय. कुणी विचारलं नाही, मीही अळीमिळी गुपचिळी.

बुधवार, ५ मार्च

बीजवाल्या डॉक्टरबाईंनी मफलरची तारीख पाहून ठरवलं. तिची पाळी आठ-नऊला अपेक्षित आहे. आली की दुसऱ्याच दिवशी इंजेक्शनं सुरू. दहापर्यंत नाहीच आली, तर वाट न बघता तशीच सुरू करायची. दहाला फोन करून विचारायचं काम माझं. रजिस्टरमध्ये लाल शाईनं '१०' घातलं.

मफलर स्कॅनला आत गेली होती, मला लिफ्ट गाठायची होती. वडील बाकावर भेटले. रात्रीचं काम उरकून तसेच आलेले, डोळे लालभडक. सूतगिरणीत आहेत. बापाशी बोलायचं म्हणून आवाज जरा खाली घेतला. "काका, पाळी आली की फोन. त्याच दिवशी. उशीर अजिबात नको." त्यांनी खिशातून छोटी वही काढली, पेन्सिलीला जीभ लावून लिहून घेतलं. "अंदाजे कधी म्हणायचं?" "शनिवार-रविवारकडे यायला हवी." "आमच्या आधी कितीजणी आहेत?" म्हटलं, या महिन्यात सहा. मान डोलावली, वही खिशात, खिशावर हात. व्यवस्थित माणूस. असे फार कमी येतात.

शुक्रवार, ७ मार्च

ताईच्या मोतीबिंदूची तारीख मिळाली, सोमवार. दोन दिवस रजा टाकली.

खोलीतल्या गर्भाशयाच्या प्लॅस्टिकच्या मॉडेलचा डावा अंडाशय पुन्हा निघाला. तिसऱ्यांदा चिकटवला. आज ज्या बाईला दाखवत होते तिच्याच मांडीवर पडला तो. तिनं घाबरून उचलून मला दिला, दोन्ही हातांनी.

सोमवार, १० मार्च

ताईचा उजवा डोळा झाला. पंधरा मिनिटांचं काम, पण आदल्या रात्रीपासून घर डोक्यावर! ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरांना म्हणाली म्हणे, "घाई करू नका, मला कुठे जायचं नाहीये." मी बाहेर खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले. इतकी गाढ, की नर्सनं दोनदा हलवलं.

आज काहीतरी करायचं होतं, असं सारखं वाटत होतं. ताईचे थेंब असतील. ते तर घातले.

मंगळवार, ११ मार्च

पट्टी काढली. माझ्याकडे टक लावून बघत बसली. मग, "अगं, तुझे केस केवढे पांढरे झालेत! मला कुणी सांगितलं कसं नाही?"

गुरुवार, १३ मार्च

रजेत तुंबलेलं सगळं कालपासून अंगावर आलंय. रजिस्टर चाळलं. मफलरची ओळ कोरी. फोन नाही. पाळी पुढे गेली असणार. ताणानं जाते, शंभरदा पाहिलंय. दहा तारीख होऊन गेली होती आणि वाट न बघता सुरू करायचं ठरलं होतं, हे माहीत असूनही माझ्या डोक्यात एवढंच आलं. आता फोन करू म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात दारात एक आई उभी.

तिच्या मुलीची अकरा बीजं टाकीत होती. मुलगी गेल्या महिन्यात गेली. मी सवयीनं कागद पुढे केला. 'निधनानंतर नष्ट करावीत' या रकान्यात मुलीचीच सही आहे, आता फक्त घरच्यांना कळवल्याची नोंद. बाई सही करून उठली. मग म्हणाली, "एकदा बघता येतील का?" म्हटलं, दिसत नाहीत हो ती डोळ्यांना. "टाकी तर दिसते ना?"

नेऊन दाखवली. काचेतून. दुधाच्या मोठ्या कॅनसारखी दिसते, तिच्याकडे बघून कुणाला काही वाटण्यासारखं नाही. बाई दहा मिनिटं उभी होती. मी मागे उभी राहून संध्याकाळी काय आणायचंय त्याची यादी करत होते. साबण. ताईचा काळा चष्मा. परत येऊन नोंद करायला बसले तर पेन चालेना. दुसरं घेतलं.

फोन राहिला.

शुक्रवार, १४ मार्च

पाच झाल्या. फोन राहिला. उद्या सुट्टी. सोमवारी पहिलं काम ते.

रविवार, १६ मार्च

झोपले. उठले. जेवले. पुन्हा झोपले. ताई म्हणाली, "तुला एखादं टॉनिक तरी आण." म्हटलं, तुझ्या नव्या डोळ्यानं जग फारच बारकाईनं बघू नकोस.

सोमवार, १७ मार्च

माझ्या आधी त्यांचाच फोन आला. मफलरचे वडील. मागे यंत्रांचा घरघराट.

"मॅडम, त्रास देतोय. एवढंच विचारायचं होतं, आमची पाळी कधी येणार?"

मी समजुतीच्या सुरात! — "ते आपल्या हातात नसतं, काका. मागेपुढे होते. काळजी करू नका."

"नाही, कुरकुर नाही करत. दवाखान्यात गर्दी असते, कळतं मला. पण पुढच्या सोमवारी केमो आहे. आमच्या आधीच्या त्या सहाजणी झाल्या का?"

  म्हटलं, "काका, तुम्ही कुठल्या पाळीबद्दल बोलताय?" म्हणाले, "म्हणजे? तुम्हीच म्हणालात. पाळी आली की फोन. शनिवार-रविवारकडे येईल म्हणालात. आम्ही बसलोय फोनची वाट बघत."

मी हळू आवाजात सांगितलं. महिन्याची, काका. बायकांची पाळी. तिला ती आली की तुम्ही मला फोन करायचा.

  मग "घरी विचारा," एवढं म्हणाले आणि नंबर सांगून फोन ठेवला. आईला लावला. "अडचण म्हणताय होय? ती नऊ तारखेलाच झाली की! तेराला न्हालीसुद्धा."

नऊला! आणि आज सतरा.

त्यांचा काय दोष? एकतीस वर्षं गिरणीत. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. फळ्यावर नाव लागलं की पाळी आली. त्यांच्या घरात बायका 'अडचण' म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. तो शब्द त्या अर्थानं त्यांच्यासमोर कुणी उच्चारलाच नसेल. आणि मी शहाणी, आवाज खाली घेऊन, क्रियापदसुद्धा गिळून! 'पाळी आली की फोन.' कुणी करायचा ते वाक्यातच नाही. करा, की येईल?

रजिस्टरमध्ये लिहिलं — 'रुग्णाकडून संपर्क नाही.' यात खोटं काहीच नाही.  अक्षरही चांगलं आलंय.

मंगळवार, १८ मार्च

बीजवाल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजही सुरू करता येईल. पण बारा दिवस म्हणजे बारा दिवस. केमो पुढे ढकलून आण."

मोठे डॉक्टर उभ्या उभ्याच बोलले. "छातीतली गाठ श्वासनलिकेला टेकलीय. मुलीला मूल होईल का ते बघू, की मुलगी राहील का ते बघू?"  मग म्हणाले, "दहाला फोन का नाही गेला?" आणि माझ्या तोंडून निघालं, रुग्णाकडून संपर्क नव्हता. "बरं," म्हणाले आणि चालू लागले.

बरं! दोन अक्षरं आणि मी सुटले.

खोलीत आले, दार लावलं. दहा तारखेला मी खुर्चीत झोपले होते. तेराला आठवलं होतं, हात फोनवर होता. चौदालाही आठवलं होतं. आणि मी ते त्या माणसाच्या वहीवर ढकलून मोकळी. शरम वाटली. चक्क वाटली, कान गरम झाले. कित्येक महिन्यांत असं काही झालं नव्हतं, म्हणून दोन मिनिटं तापच आला की काय असं वाटलं.

ती ओळ खोडली. खाली लिहिलं — 'दहा तारखेला मी फोन करायचा होता. केला नाही.' रजिस्टर तसंच उचलून मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी जाऊन बसले. पावणेदोन तास. बाहेर आल्यावर त्यांनी वाचलं. रागावले नाहीत, ते आणखीच वाईट. म्हणाले, "उद्या श्वासाची तपासणी आणि नवं स्कॅन करतो. त्यात जागा दिसली तर बोलू. हमी देत नाही."

बुधवार, १९ मार्च

तपासणीला आले तिघंही. वडील आधी माझ्या दारात. वही उघडूनच आणलेली, पान समोर धरलं. 'पाळी आली की फोन.' पेन्सिलीनं, खाली दोन रेघा.

"माझंच अक्षर आहे, मॅडम. बघा तुम्ही."

म्हटलं, काका, चूक माझी आहे, मी विचारायला हवं होतं, मी नीट सांगितलं नाही. ऐकतच नव्हते. कपाळावर हात मारून घेतला, जोरात, आवाज झाला. "एकतीस वर्षं पाळी-पाळी केली मी. आणि पोरीची पाळी मला कळली नाही!" रडले. मोठा माणूस बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या बायकांसमोर हमसून हमसून रडला, आणि बायका तोंड फिरवून बसल्या. आई म्हणत होती, "पुरे आता, लोक बघतात." मफलर त्यांच्या मागे उभी. भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती, माझ्याकडेही नाही, बापाकडेही नाही. मला वाटलं, धक्का बसलाय.

मला काय वाटलं? जड. नुसतं जड. पावसात भिजलेली गादी कुणीतरी अंगावर टाकावी तसं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

घरी ताईला सगळं सांगितलं. असं वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ दे, माणूस आहे, चुकतो. ती म्हणाली, "पण तू बापाला सांगायला का गेलीस? पोरीला काय कान नव्हते?"

"स्कॅनला आत होती."

"आणि बाहेर आल्यावर?"

मी भांडी घासायला घेतली. ही बाई आयुष्यभर शिवण शिकवत आली. कुठे उसवलंय ते हिला लांबून दिसतं, आणि आता तर डोळाही नवा.

गुरुवार, २० मार्च

मिळाले! मिळाले! दिवस मिळाले!

स्कॅनमध्ये श्वासनलिकेशेजारी थोडी जागा दिसली, श्वासाची तपासणी ठीक आली. मोठे डॉक्टर म्हणाले, "दोन एप्रिल. एक दिवस पुढे नाही. मधे दम लागला तर सगळं सोडून त्याच क्षणी केमो. आणि नवा संमतीचा फॉर्म. तिच्याशी एकटीशी बोलून. खरंखुरं बोलून." शेवटचे दोन शब्द म्हणताना माझ्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. चार वर्षं 'हो'वरची खूण त्यांनाही दिसतच असणार.

आजच्या आज धावपळ. बीजवाल्या बाईंनी औषधं काढून ठेवली. उद्या सकाळी रक्त तपासायचं, सही घ्यायची, पहिलं इंजेक्शन. वडिलांना फोन केला. या वेळी शब्द न् शब्द नीट बोलले. कोणी, कधी, कुठे, काय. त्यांच्याकडून परत वदवून घेतलं. ते म्हणत होते, "थांबा, लिहितो. हं. परत सांगा." आणि शेवटी, "मॅडम, तुमचे उपकार..." उपकार कसले? माझंच उसवलेलं मीच टाचतेय.

तरी छान वाटलं. खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरले. घरी येऊन दोनदा वाढून घेतलं. ताई बघत होती. उद्या ती सुई टोचली जाईल तेव्हा मी तिथे उभी राहणार. कामाच्या यादीत नाही ते, तरी राहणार.

शुक्रवार, २१ मार्च

तिला एकटीला बसवलं, दार लावलं, आणि भाषण न करता विचारलं, "तुला हवंय का हे?"

तिनं दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाली, "बाबांनी पहिल्याच दिवशी घरी वही दाखवली ना, तेव्हाच मला कळलं होतं. पाळी म्हणजे कुठली ते."

"मग फोन का नाही केलास?"

"नव्हता करायचा. मला मूल नकोच आहे. आजाराच्या आधीपासून. कुणाला सांगणार? वाटलं, आपोआप राहून जाईल."

वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, "सोमवारीच केमो घेते. तेवढं करा." म्हटलं, घरी सांगू या, मी बसते तुझ्याबरोबर.

"नको. आपल्या हातून चूक झाली असं वाटलेलं चालेल बाबांना. मला नको होतं, हे नाही चालायचं."

फाइलमध्ये लिहिलं — 'रुग्णाने स्वतः नकार दिला.' मग दार उघडून बाहेर गेले. ते उठून उभे राहिले, हातात वही. "नाही जमत आता, काका," म्हटलं. "उशीर झाला. तुमची नाही, चूक माझी."